स्त्री गुप्तहेर आणि दूरचित्रवाणी मालिका : प्रतिनिधित्व व राजकीय आशय

प्रास्ताविक

मागील घटकात आपण दूरचित्रवाणी मालिकेच्या संहितेची घडण पाहिली. प्रस्तुत घटकात एका विशिष्ट प्रकारच्या मालिकेचा विचार करावयाचा आहे. जिच्या केंद्रस्थानी गुप्तहेर स्त्री आहे, अशी ही मालिका होय. हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, आज राणीसावरगावातील एखादी गृहिणी रात्री जेवणखाण आटोपल्यावर मोबाईलवर जी कथा पाहते, ती तिच्यापुरते वाङ्मयच असते. त्या कथेतून देश, शत्रू, निष्ठा, घर आणि बाई या शब्दांचे अर्थ तिच्या मनात घडत वा मोडत असतात. कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, तेच या कथेला विचारता आले पाहिजेत. या घटकाच्या अभ्यासानंतर 'प्रतिनिधित्व' या संज्ञेचे दोन अर्थ तुम्हांला वेगळे करता यावेत आणि एखाद्या मालिकेचा राजकीय आशय तिच्या कथानकातून शोधता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

'हेर' या शब्दाचे लिंग

आरंभ भाषेपासून करू या. 'हेर' हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. शिक्षकाची शिक्षिका होते, लेखकाची लेखिका होते. हेराचे स्त्रीलिंगी रूप मात्र रूढ नाही. आपण 'स्त्री हेर' किंवा 'महिला गुप्तहेर' असे जोडशब्द करतो. म्हणजे हेर म्हटल्यावर पुरुष गृहीत असतो आणि बाई असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. मराठी मनात हेर म्हटले की प्रथम बहिर्जी नाईक उभे राहतात. शिवकालीन व पेशवेकालीन व्यवहारात आढळणारे जासूद, हरकारे हेही पुरुषच.

याचा अर्थ स्त्रिया बातमी काढत नव्हत्या असा नव्हे. बातमी काढणाऱ्या, ती इकडची तिकडे पोचविणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत शब्द भरपूर आहेत. पण ते कोणते, ते पाहा : कळलावी, चहाडखोर, कुटणी, लावालावी करणारी. कौशल्य तेच, परंतु पुरुषाच्या वाट्याला पदवी आली आणि स्त्रीच्या वाट्याला शिवी. प्रतिनिधित्वाचा प्रश्न पडद्यावर येण्याआधी शब्दकोशातच सुरू होतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

आणखी एक भाषिक गोंधळ येथेच दूर करू. गुन्ह्याचा छडा लावणारा आणि परराज्यात राहून गुपिते मिळविणारा, या दोघांनाही मराठीत 'गुप्तहेर' म्हणतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी ज्या वाचकाला वेड लावले, त्याच्या लेखी या दोहोंत फारसा फरक नव्हता. अभ्यासकाने मात्र तो करावा. गुन्हा शोधणाऱ्याचा अशील एखादी व्यक्ती असते. हेराचे अशील राज्य असते. झी मराठी वाहिनीवर 2014 साली सुरू झालेल्या 'अस्मिता' या मालिकेत मयूरी वाघ यांनी साकारलेली नायिका खासगी गुप्तहेर आहे. मराठी मालिकेच्या नायिकेला बुद्धीच्या बळावर उभे केले, हे या मालिकेचे श्रेय निर्विवाद आहे. पण खासगी गुप्तहेराला राज्यसंस्थेशी झगडावे लागतेच असे नाही. गुन्हेगार सापडला की गोष्ट संपते. हेराची गोष्ट तशी संपत नाही, कारण तेथे गुन्हेगार कोण हे ठरविणारेच राज्य असते. राजकीय आशय उद्भवतो तो येथून.

उंबरठ्याआडचे कान

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार सांगताना 'परिव्राजिका' असा एक प्रकार येतो. ती कोण असावी? उपजीविकेच्या शोधात असलेली, दरिद्री, विधवा, पण धीट ब्राह्मण स्त्री. अंतःपुरात जिला मान आहे आणि थोर अधिकाऱ्यांच्या घरी जिचे जाणे-येणे आहे अशी. हे वर्णन नीट वाचा. ज्या गोष्टींमुळे समाजाने तिला बाजूला सारले, त्याच गोष्टी राज्याला उपयोगी पडतात. तिला घर नाही, म्हणून ती कोठेही जाऊ शकते. तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही, म्हणून ती सर्वांकडे लक्ष ठेवू शकते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकातील विषकन्येची गोष्ट याहून क्रूर आहे. चंद्रगुप्तासाठी पाठविलेली ती चाणक्याच्या चातुर्याने पर्वतकाकडे वळविली जाते. ती स्वतः काही ठरवीत नाही. तिचा नेम कोणावर हे दोन मंत्री ठरवितात. म्हणजे प्राचीन वाङ्मयातच स्त्री हेराची दोन रूपे सिद्ध झालेली दिसतात. एक डोळे-कान असलेली बाई आणि दुसरी, केवळ शस्त्र झालेली बाई. आजच्या मालिका पाहताना प्रत्येक वेळी विचारून पाहा, ही नायिका या दोहोंपैकी कोणाच्या वंशातली?

आता आपल्या रोजच्या मराठी कौटुंबिक मालिकांकडे या. दाराआड उभी राहून ऐकणारी, कपाटातील कागद पळविणारी, औषधाची बाटली बदलणारी, दुसऱ्याच्या मोबाईलमधील संदेश वाचणारी खलनायिका तुम्ही अनेकदा पाहिली असेल. ती जे करते ते सर्व हेरगिरीचेच काम आहे. तिच्या हाती घराऐवजी देश दिला तर तिचे अवगुण एका रात्रीत गुण ठरतील. प्रस्तुत लेखकाच्या मते, मराठी प्रेक्षकाला गुप्तहेर नायिका परकी वाटत नाही याचे कारण हेच : तिची सारी विद्या त्याने स्वयंपाकघरात आणि माजघरात आधीच पाहिलेली असते.

सासरी गेलेली हेर

या संदर्भात एका चित्रपटाचा विचार अपरिहार्य आहे. मेघना गुलजार दिग्दर्शित 'राझी' हा चित्रपट 11 मे 2018 रोजी प्रदर्शित झाला. हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काळ 1971च्या युद्धाचा. सेहमत ही काश्मिरी तरुणी पाकिस्तानी सेनाधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून जाते आणि तेथून भारताला बातम्या पाठविते. त्या घरातील थोरल्या जावेची, मुनिराची, भूमिका मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या अमृता खानविलकर यांनी केली आहे.

वरवर ही हेरकथा असली तरी तिचा सांगाडा सासुरवाशिणीच्या कथेचा आहे. बाप ठरवितो, मुलगी जाते. माहेर म्हणजे देश, सासर म्हणजे शत्रूचे घर. जात्यावरच्या ओव्यांत माहेराला निरोप धाडणारी लेक आपल्याला ठाऊक आहे. येथे तोच निरोप सांकेतिक लिपीतून जातो. मात्र खरी गुंतागुंत पुढे आहे. सासरची माणसे दुष्ट नाहीत. नवरा तिला मान देतो, सासरा विश्वास टाकतो. आणि तिच्या हातून घडणाऱ्या हत्यांचे ओझे चित्रपट तिच्या, तसेच आपल्या मनावरून उतरू देत नाही. 'शत्रू' हा शब्द सैल होतो, हाच या कलाकृतीचा राजकीय आशय. भाषणे न करता, केवळ एका घरातील माणसे माणसांसारखी दाखवून तो साधला आहे.

'क्वांटिको' : एक रुद्राक्षमाळ

आता प्रत्यक्ष मालिकेकडे वळू. 27 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर 'क्वांटिको' ही मालिका सुरू झाली. नायिका ॲलेक्स पॅरिश. आई भारतीय, वडील अमेरिकी. ही भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केली. अमेरिकेच्या प्रमुख वाहिनीवरील नाट्यमालिकेत नायिकेची भूमिका मिळालेली पहिली दक्षिण आशियाई अभिनेत्री असा त्यांचा उल्लेख केला जातो. (याच अभिनेत्रीच्या निर्मितिसंस्थेने 2016 साली 'व्हेंटिलेटर' हा मराठी चित्रपट काढला, हे जाता जाता नोंदवू.) ॲलेक्स आरंभी अमेरिकेच्या अंतर्गत तपास यंत्रणेत प्रशिक्षणार्थी असते, दुसऱ्या पर्वात ती परराष्ट्र हेरखात्याच्या प्रशिक्षणस्थळी वेषांतर केल्याप्रमाणे वावरते. म्हणजे ती खऱ्या अर्थाने हेर होते.

पहिल्या पर्वाचा पेच लक्षात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या मुख्य रेल्वेस्थानकात स्फोट होतो आणि संशय ॲलेक्सवरच येतो. सावळ्या वर्णाची, अर्धी परदेशी स्त्री संशयित म्हणून यंत्रणेला सोयीची असते. 2001 नंतरच्या अमेरिकेत दक्षिण आशियाई चेहऱ्यांच्या वाट्याला जो संशय आला, त्याचे हे रूपांतर म्हणता येईल. याच मालिकेत निमा आणि रैना या जुळ्या मुस्लिम बहिणी आहेत. एक हिजाब वापरते, दुसरी वापरत नाही, आणि यंत्रणा दोघींना मिळून एकाच व्यक्तीसारखे वापरू पाहते. मुस्लिम स्त्री म्हणजे एकच साचा, ही समजूत या पात्ररचनेने मोडली असे म्हणावे, की दोन बहिणींत एक ओळख वाटून तीच समजूत पक्की केली असे म्हणावे? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. तुम्ही तो करून पाहा.

खरी ठिणगी पडली ती तिसऱ्या पर्वात. 1 जून 2018 रोजी प्रसारित झालेल्या भागात असे कथानक होते : न्यूयॉर्कमध्ये काश्मीरप्रश्नावर भारत-पाकिस्तान शिखर परिषद भरणार आहे. अणुस्फोटाचा कट उघडकीस येतो आणि सर्वांचा संशय पाकिस्तानवर जातो. इतक्यात एका संशयिताच्या गळ्यातील रुद्राक्षमाळ ॲलेक्सच्या नजरेस पडते. ती निष्कर्ष काढते की, हे भारतीय राष्ट्रवादी असून दोष पाकिस्तानच्या माथी मारण्याचा त्यांचा डाव आहे. या भागावर भारतात मोठा गदारोळ झाला. वाहिनीने जाहीर माफी मागितली. मालिकेचे लेखन वा दिग्दर्शन प्रियांका चोप्रा यांचे नाही, हेही तिने स्पष्ट केले. स्वतः अभिनेत्रीनेही समाजमाध्यमावर दिलगिरी व्यक्त केली आणि आपण अभिमानी भारतीय असल्याचे सांगितले.

येथे थोडे थांबा. या प्रसंगाचा विचार करताना 'कोणाचा अपमान झाला' एवढ्यावर चर्चा संपविण्याचा मोह होतो. अभ्यासकाने त्यापुढे गेले पाहिजे. पहिला मुद्दा पुराव्याचा. एक रुद्राक्षमाळ पाहून माणसाचा धर्म, त्यावरून देश आणि त्यावरून हेतू ठरविणे, हे तर्कशास्त्र कसले? पण हेच तर्कशास्त्र टोपी, दाढी, हिजाब किंवा उर्दू अक्षरे पाहून कितीतरी हेरकथांत वापरलेले आहे, आणि त्या वेळी ते आपल्याला खटकलेच असे नाही. नेम आपल्याकडे वळला तेव्हा साच्याची धार आपल्याला कळली. एखाद्या समाजाच्या चिन्हाला कटाची खूण बनविणे हे तंत्रच सदोष आहे, मग चिन्ह कोणाचेही असो. दुसरा मुद्दा असा की, कथेने हा शोध मुद्दाम भारतीय वंशाच्या नायिकेच्या तोंडी घातला. रुद्राक्ष ओळखणारी व्यक्ती तीच असू शकत होती. म्हणजे तिचे भारतीयत्व पटकथेने ज्ञानासाठी वापरले आणि ते ज्ञान तिच्याच लोकांवर संशयासाठी वापरले. अर्थशास्त्रातील परिव्राजिका आठवा. तिचेही घरोघरचे जाणे-येणे असेच कामी येते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेखनात ज्या अभिनेत्रीचा हात नव्हता, तिलाच राग सोसावा लागला. कारण पडद्यावर दिसणारी तीच होती.

प्रतिनिधित्वाचे दोन अर्थ

वरील उदाहरणावरून संज्ञा स्पष्ट करता येईल. 'प्रतिनिधित्व' या शब्दाने मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टी सुचवितो. एक, चित्रण : एखाद्या गटातील व्यक्ती पडद्यावर कशी दाखविली आहे. दुसरी, ग्रामपंचायतीत सदस्य जे करतो ते : दुसऱ्याच्या वतीने बोलणे, निर्णयात भाग घेणे. 'क्वांटिको'मध्ये भारतीय वंशाच्या स्त्रीला पहिल्या अर्थाने मध्यवर्ती स्थान मिळाले, परंतु तिने काय बोलावे हे इतरत्र ठरले. आपल्याकडे महिला सरपंच खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याच्या हाती, अशी तक्रार ग्रामीण भागात ऐकू येते. दोन्ही प्रसंगांत प्रश्न एकच आहे. दिसणे आणि ठरविणे यांतले अंतर किती?

याच सुमारास प्रत्यक्ष राजकारणातही एक घटना घडली. मे 2018 मध्ये जीना हॅस्पेल यांची अमेरिकेच्या परराष्ट्र हेरखात्याच्या संचालकपदी नियुक्ती झाली. सिनेटच्या संमतीने या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. मतदान 54 विरुद्ध 45 असे झाले. विरोध होता तो त्या स्त्री असल्यामुळे नव्हे. 2002 साली थायलंडमधील ज्या गुप्त कोठडीत कैद्यांचा छळ झाला, तिची जबाबदारी त्यांच्याकडे होती म्हणून. एखाद्या संस्थेच्या शिरोभागी स्त्री आल्याने त्या संस्थेची वागणूक बदलते का? हा प्रश्न मालिकांनाही लागू आहे. नायिका स्त्री असली म्हणजे मालिका स्त्रीवादी ठरते, हा निष्कर्ष घाईचा होय. राज्याच्या हिंसेला कधी कधी स्त्रीचा चेहरा सौम्य मुखवट्यासारखा उपयोगी पडतो.

'होमलँड' : भिंतीवरची अक्षरे

'होमलँड' ही अमेरिकी मालिका 2011 ते 2020 या काळात आठ पर्वे चालली. 'हातुफिम' या इस्रायली मालिकेवरून ती बेतलेली होती. त्याच मूळ कथेवरून 2016 साली 'पी. ओ. डब्ल्यू. : बंदी युद्ध के' ही हिंदी मालिका निघाली, पण तेथे केंद्रस्थानी हेर स्त्री उरली नाही. 'होमलँड'ची नायिका कॅरी मॅथिसन हेरखात्यात अधिकारी आहे. तिला द्विध्रुवी मनोविकार आहे आणि तो ती खात्यापासून लपविते. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेल्या, सर्वांनी डोक्यावर घेतलेल्या सैनिकाविषयी तिला संशय येतो. तो खरा असतो. परंतु आजार उघड होताच तिचे म्हणणे भ्रम ठरते. 'बाईचं काहीतरीच' म्हणून खरे बोलणे उडवून लावले जाण्याचा अनुभव आपल्या वाचकांपैकी किती जणींना असेल, हे सांगणे नको. व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने ही मालिका मोठी आहे, याविषयी शंका नाही.

पण कॅरीला जितके खोल दाखविले, तितके ज्यांच्यावर ती पाळत ठेवते त्यांना दाखविले का? चौथ्या पर्वात इस्लामाबाद आहे. चित्रीकरण झाले दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये. आपले शहर उजाड व भेसूर दाखविल्याची तक्रार पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी केली. तेथील गुप्तचर स्त्रीची, तस्नीम कुरेशीची, भूमिका भारताच्या निम्रत कौर यांनी केली. दोन शत्रुराष्ट्रांतील कर्तबगार हेर स्त्रिया समोरासमोर येतात, पण आजार, मूल, अपराधभाव हे सर्व एकीच्याच वाट्याला. दुसरीच्या वाट्याला मुख्यतः कारस्थान.

पाचव्या पर्वाच्या वेळी जे घडले ते तर कोणत्याही समीक्षालेखाहून बोलके आहे. बर्लिनमध्ये निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला होता. तो खरा वाटावा म्हणून भिंतींवर अरबी अक्षरे रंगविण्यासाठी काही कलावंतांना बोलाविले. त्यांनी भिंतीवर लिहिले की ही मालिका वंशद्वेषी आहे. चित्रीकरणस्थळी ते कोणी वाचले नाही. तो भाग ऑक्टोबर 2015 मध्ये प्रसारित झाला, आणि नंतर कलावंतांनीच ही गोष्ट जाहीर केली. ज्या मालिकेचा विषयच गुप्त संदेश वाचणे हा, तिला स्वतःच्या भिंतीवरचा उघड संदेश वाचता आला नाही. अरबी लिपी निर्मात्यांच्या लेखी भाषा नव्हतीच. ती नुसती भीतीची नक्षी होती. मराठीच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हिंदी चित्रपटांत 'बाई' आणि 'भाऊ' एवढेच बोलणारी मराठी पात्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत.

या मालिकेचा शेवट मात्र प्रामाणिक आहे. अखेरच्या पर्वात कॅरी देशद्रोही ठरून मॉस्कोत राहते आणि तेथून पुन्हा आपल्या जुन्या गुरूला बातमी पाठविते. म्हणजे निष्ठा सिद्ध करावयाची तर निष्ठा गमवावी लागते. ज्या देशासाठी ती हे करते, त्या देशातील कोणालाही ते कधी कळणार नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

खालील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी सुमारे 150 शब्दांत लिहून पाहा. 'राझी'मधील सासर आणि मराठी कौटुंबिक मालिकेतील सासर यांत 'ऐकणे' या क्रियेला कोणते नैतिक मूल्य दिले आहे? रुद्राक्षमाळेच्या प्रसंगात नायिकेऐवजी एखादा अमेरिकी पुरुष अधिकारी असता, तर प्रसंगाचा अर्थ बदलला असता का? तुमच्या पाहण्यातील कोणत्याही एका मालिकेत मराठवाडी बोली कोणाच्या तोंडी आहे, आणि तिचा उपयोग कशासाठी केला आहे?

क्षेत्रीय कार्य

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव आणि परिसरातील विद्यार्थ्यांसाठी एक विशेष काम सुचवीत आहोत; इतर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनी ते आपापल्या इतिहासानुसार बदलून घ्यावे. परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामी राजवट व रझाकार यांच्याविरुद्धच्या लढ्यात मराठवाड्यातील स्त्रियांनीही भाग घेतला. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव सशस्त्र लढ्यात सहभागी झालेली स्त्री म्हणून घेतले जाते. परंतु निरोप पोचविणे, भूमिगतांना भाकरी नेऊन देणे, कोण गावात आले-गेले याकडे लक्ष ठेवणे, ही कामे ज्यांनी केली असतील अशा स्त्रियांची नावे शोधू गेल्यास हाती फार थोडी लागतात. संत जनाबाईंच्या गंगाखेडला दळताना बाईने काय म्हटले याची आठवण सात शतके राहिली. पण पाऊणशे वर्षांपूर्वी टोपलीत भाकरीखाली काय नेले जात होते, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गावातील ऐंशीच्या पुढील स्त्रियांशी, त्या नसल्यास त्यांच्या लेकी-सुनांशी, त्यांच्या सवडीने बोला. 'तुम्ही लढ्यात होता का?' असे थेट विचारू नका. बहुतेक जणी 'आमी कशाच्या लढ्यात, आमी आपलं घरात व्हतो' असेच म्हणतील. त्याऐवजी त्या दिवसांत घरी कोण येत असे, त्यांना जेवण कोण नेई, पोलीस आल्याचे कोणाला आधी कळे, असे विचारा. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवा, प्रमाणभाषेत दुरुस्त करू नका. सांगणारीची परवानगी घ्या आणि तिची इच्छा नसल्यास तिचे नाव लिहू नका. मग त्या नोंदींपैकी एका प्रसंगावर मालिकेच्या एका दृश्याची संहिता दोन पानांत लिहा. दृश्यात शत्रूच्या बाजूचे एक पात्र असावे, आणि त्यालाही बोलण्यासारखे काहीतरी असावे. नोंदवही व संहिता दुसऱ्या संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.